लिंक बाबांना गेली, प्रश्न तुम्हाला होता

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

नमस्कार. मी ४८ वर्षांची, कोथरूडला राहते, नोकरी कल्याणीनगरला. वनाझला मेट्रोत बसलं की कानात काहीतरी लावायचं, ही सवय. महिन्याभरापूर्वी एका डॉक्टरांची मुलाखत ऐकली. बरे न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करणं हे त्यांचं काम. ते म्हणाले, आयसीयूबाहेर बसलेल्या मुलाला आम्ही विचारतो, "काय करायचं सांगा." खरं तर विचारायला हवं, "तुमचे वडील स्वतः इथे उभे असते तर काय म्हणाले असते?" ते ऐकलं आणि कल्याणीनगर कधी गेलं ते मला कळलंच नाही. रामवाडीला उतरले.

माझे बाबा ७८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. तब्येत ठणठणीत, रोज वेताळ टेकडीवर जातात. साठी झाली तेव्हाच त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला, ते कार्ड पाकिटात असतं. आई ७३ वर्षांची, तिला मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. त्या संध्याकाळी मी मुलाखतीची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, "बाबा, नक्की ऐका. आपण यावर बोलू." टोरांटोहून दादाचं उत्तर आलं, "तुला इच्छामरणाचं काय खूळ लागलंय? बाबा धडधाकट आहेत." आईचा रडत फोन आला, "आम्ही जड झालो का गं तुला?" बाबांच्या नावापुढे निळ्या टिका दिसतात, पण ते एक शब्द बोललेले नाहीत. टेकडीवरून येतात, पेपर वाचतात. नवरा म्हणतो, विषय सोड. त्याची आई २०२१च्या एप्रिलमध्ये गेली, व्हेंटिलेटरच्या कागदावर सही त्यानेच केली होती. त्यावर तो आजवर बोललेला नाही.

दादा दिवाळीत येतोय. मी चुकले का? आणि बाबांशी आता बोलू तरी कशी?

– कोथरूडची एक मुलगी

उत्तर

ताई, नमस्कार.

विषय तुम्ही योग्यच काढलात, काढला मात्र भलत्या ठिकाणी. ज्या ग्रुपवर सकाळी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ प्रभात' येतं आणि दुपारी कुणाच्या तरी नातवाच्या बोरन्हाणाचे फोटो, तिथे संध्याकाळी बाबांचं नाव घालून तुम्ही मरणावरची मुलाखत टाकलीत. ऐकताना तुमचं जे झालं ते त्या लिंकबरोबर कुणाकडेही पोचलं नाही. तुम्ही हादरलात, उतरायचं स्टेशन चुकलात. आईला दिसलं ते एवढंच की लेकीने बापाला मरणाची गोष्ट ऐकायला सांगितली. ती रडली नसती तरच नवल.

आता ते डॉक्टर काय म्हणाले, ते तुमच्याच पत्रात पुन्हा वाचा. प्रश्न बाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसाला आहे, म्हणजे तुम्हाला. आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नाही, हे तुमच्या मेट्रोत लक्षात आलं. बाबांच्या मेडिक्लेमचा नंबर तुमच्या फोनमध्ये असेल, रक्तदाबाची गोळी सकाळी की रात्री हेही माहीत असेल. पण घशात नळी घालून ठेवलेल्या अवस्थेत या माणसाला आणखी महिनाभर हवा असेल का, यावर तुम्हाला दोन वाक्यं बोलता येणार नाहीत. टोचलं ते हे. आणि टोचलं की फॉरवर्ड करायचं, ही हल्ली आपल्या सगळ्यांच्याच बोटांना लागलेली सवय आहे. पाठवलं की आपलं काम झालंसं वाटतं.

मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी केली. त्या बाहेरच्या जागेत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून ती जरा सांगते. भिंतीला लावलेल्या लोखंडी खुर्च्या, दाराशी चपलांचा ढीग, एकाच प्लगवर आळीपाळीने चार्ज होणारे फोन, पायाशी थर्मास आणि घरून आलेला, कुणी न उघडलेला डबा. दार किलकिलं करून सिस्टर आडनाव पुकारतात, "यांचे नातेवाईक कोण?" चार माणसं एकदम उभी राहतात. डॉक्टर मास्क हनुवटीखाली ओढून दोन-तीन मिनिटं बोलतात. ऑक्सिजन टिकत नाहीये, नळी घालावी लागेल, इथे सही करा. सही कोण करतं? बऱ्याचदा ज्याच्या खिशाला पेन असतं तो. मग खाली चहाच्या टपरीवर जाऊन सगळे एकमेकांना विचारत बसतात, आपण बरोबर केलं ना? रात्रभर तेच चालतं. आतल्या माणसाने पूर्वी कधी नीट बोलून ठेवलं असलं, तर हे टपरीवरचं विचारणं बरंच कमी होतं. दुःख तेवढंच असतं, पण त्यात भांडण कमी असतं.

दुसऱ्या टोकाला असतो डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. पैसे संपले किंवा धीर संपला, की 'आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत' असं लिहून द्यायचं आणि माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घालून घरी न्यायचं. घरी दुखणं थांबवायला औषध नाही, धाप लागली तर काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. 'सगळं करा' आणि 'घरी नेतो' यांच्यामध्ये बरंच काही करता येतं, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नसतं. तुमचे ते डॉक्टर याच मधल्या जागेत काम करतात. आपल्याकडे वारज्याला कॅन्सरच्या रुग्णांसाठी असं केंद्र १९९७पासून आहे. सिपलाच्या मदतीने चालणारं, रुग्णाकडून पैसे न घेणारं. कोथरूडपासून हाकेच्या अंतरावर, तरी कोथरूडमधल्या किती घरांत ते माहीत असतं?

तरीही ती मुलाखत पुन्हा एकदा ऐका असं सुचवते. या खेपेला घरी बसून, कागद-पेन घेऊन. चांगलं बोलणारा माणूस तासाभरात आपल्याला त्याच्या बाजूला नेऊन बसवतो, आणि उठताना त्याची मतं आपलीच वाटायला लागलेली असतात. डॉक्टर खोटं बोलले असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांच्याकडे माणसं पोचतात तीच आजार हाताबाहेर गेल्यावर. न्यूमोनिया झाला, चार दिवस व्हेंटिलेटरवर काढले, आठवड्याने घरी आले आणि पुढे टेकडीही चढायला लागले, असे आजोबा त्यांच्या गोष्टींत येणार कुठून? ते त्यांना भेटतच नाहीत. तोच आयसीयू, तीच मशीन, आणि माणूस चालत घरी. दादाच्या रागात ही बाजू आहे. त्याने ती उद्धटपणे मांडली, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

ऐकताना जिथे थांबाल ते वाक्य लिहून काढा. त्याच्या शेजारी, त्या क्षणी कुणाचा चेहरा समोर आला तेही लिहा. माझा अंदाज सांगू? बाबांचा नसेल. सासूबाईंचा असेल.

तुमच्या पत्रात नवऱ्याबद्दल जेमतेम तीन वाक्यं आहेत आणि मला तीच सगळ्यात जड वाटली. २०२१चा एप्रिल पुण्यात ज्यांनी काढला त्यांना वेगळं सांगायला नको. बेड मिळवायला फोनवर फोन, आत कुणाला सोडत नाहीत, डॉक्टरांशी बोलणं फोनवर, आणि सही करायला मात्र गेटपाशी उभं राहायचं. "आईला काय हवं असतं" हे विचारायला त्याच्याजवळ ना वेळ होता, ना माणूस. तुम्ही ज्या प्रश्नाने कल्याणीनगर चुकलात, तो प्रश्न हा माणूस तेव्हापासून एकटा घेऊन बसलाय. त्याचं "विषय सोड" तुम्ही कंटाळा म्हणून ऐकलंत की काय, कोण जाणे.

तेव्हा बोलायला सुरुवात टेकडीवर नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात करा. "तुला तेव्हा काय वाटलं?" असं विचारू नका. असल्या प्रश्नाला आपल्याकडचे पुरुष "काही नाही" एवढंच म्हणतात. घडलं ते विचारा. त्या रात्री फोन किती वाजता आला? डॉक्टर नेमकं काय म्हणाले? सही केलीस तेव्हा बरोबर कोण होतं? आई शेवटचं काय बोलल्या? आणि ऐकून झालं की एक गोष्ट त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण ती त्याला बहुधा कुणी सांगितलेली नाही. त्या वेळी व्हेंटिलेटर हा उपचार होता, आई वाचेल या आशेने घेतलेला. बऱ्या न होणाऱ्या माणसाचं मरण लांबवणं ही गोष्ट वेगळी, आणि त्याने केलेली सही त्यातली नव्हे. हे ऐकून तो लगेच मोकळा होईल असं नाही. तरी सांगा. झोप उडण्याइतकं ते अजून आत असेल, तर समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा. त्याला एकट्याला पाठवू नका.

मग एखाद्या रविवारी दोघं स्वतःचं उत्तर लिहा, म्हणजे आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा कुठले उपचार हवेत आणि कुठले नकोत ते. पुढे मी 'कागद' म्हणते तो हाच, लिव्हिंग विल, वैद्यकीय इच्छापत्र. आधी तुमचं, बाबांचं नंतर. ४८ हे वय यासाठी लहान नाही. उलट मोटारसायकलींनी भरलेल्या या शहरात २५ वर्षांच्या पोरांनीही हे करायला हवं असं माझं मत आहे. सुरुवात व्हेंटिलेटर-डायलिसिसपासून करू नका, ती डॉक्टरांची भाषा झाली. आपल्याला किती जगणं पुरेसं वाटेल, तिथून करा. एका निवृत्त शिक्षिकेने मला सांगितलं होतं, "माणसं ओळखता येतायत आणि चहा तोंडाने पिता येतोय, तोवर काय हवं ते करा. त्यापुढे नको." इतकं स्वच्छ उत्तर मी क्वचितच ऐकलं. आणि एक गृहस्थ याच्या बरोबर उलट. नातीचं लग्न ठरलेलं होतं, "तोवर नळ्या घाला, मशीन लावा, काहीही करा, मला अक्षता टाकायच्यात." हेही तितकंच खरं उत्तर. सगळे उपचार हवेत म्हणणारा माणूस मागासलेला आणि नको म्हणणारा पोचलेला, असा एक सूर हल्लीच्या मुलाखतींतून, व्याख्यानमालांतून लागतो. मला तो आवडत नाही.

आता आई. तिच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, आणि ते फोनवर नको. जाऊन बसा. "नाही गं, जड कशाला" एवढं म्हणा आणि त्या दिवशी कायद्याचं, कागदाचं नाव काढू नका. तिने जे विचारलं ते व्हेंटिलेटरबद्दल नव्हतं. मुलगा टोरांटोला, मुलगी नोकरीत, आपलं आजारपण कुणाच्या गळ्यात पडणार, हे तिच्या मनात तुमची लिंक येण्याच्या कितीतरी आधीपासून असेल. कारण मिळालं, ते बाहेर आलं.

आणि जरा रागावूनच विचारते, तुमच्या अख्ख्या पत्रात "बाबांशी कसं बोलू" आहे. आईशी कसं बोलू, हे कुठेच कसं नाही? बाबा टेकडी चढतात, मधुमेह आईला आहे. दोघांपैकी आयसीयूची वेळ आधी कुणावर येईल? शिवाय बाबांवर आली तर बायको म्हणून पहिली हाक तिच्याच नावाने पडणार आहे. बायकांना हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. विचारलं तर त्या म्हणतात, "तुम्ही ठरवाल ते," आणि आपण ते उत्तर समजून मोकळे होतो. तुमची आई कदाचित म्हणेल, "मला काय विचारतेस, मी सवाष्ण गेले की सुटले." हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय! सगळं घर हसतं, किंवा "काहीतरीच काय बोलतेस" म्हणून गप्प करतं. तुम्ही हसू नका. हळूच पुढचं विचारा, "आणि नाही गेलीस तर?" माझ्या अनुभवात खरं बोलणं तिथून सुरू होतं. कुणाला सुनेच्या हातून अंग पुसून घेण्याची लाज वाटत असते, कुणाला अंधाराची भीती, कुणाला एकच हवं असतं, की शेवटी आपल्याच पलंगावर असावं. या गोष्टी कुठल्याही वैद्यकीय फॉर्मवर नसतात आणि नेमक्या याच आपल्याला ठाऊक असायला हव्यात.

बाबांच्या बाबतीत मला तुमच्याइतकी काळजी वाटत नाही. गेली अठरा-एक वर्षं जे कार्ड त्यांच्या पाकिटात आहे, ते तुम्ही पत्रात जाता जाता लिहून टाकलंत. आपण गेल्यावर आपला देह शरीररचनेच्या टेबलावर जाणार, पोरं त्यावर शिकणार, हे ज्याने साठाव्या वर्षी शांतपणे ठरवलं, तो एका मुलाखतीने बिथरेल? ते गप्प आहेत ते मला वाटतं वेगळ्या कारणाने. "आपण यावर बोलू" असं तुम्ही सगळ्या ग्रुपसमोर म्हणालात. बँकेत आयुष्य गेलेला माणूस असला व्यवहार चारचौघांत, काउंटरवर उभा राहून करत नाही.

एखाद्या शनिवारी त्यांच्याबरोबर टेकडीवर जा. चालताना बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मुलाखतीचं नाव काढू नका. विचारा, "बाबा, ते देहदानाचं कार्ड तेव्हा का काढलंत?" त्यामागे काहीतरी गोष्ट असणार, आणि ती तुम्ही आजवर विचारलेली नाही असं दिसतंय. ती पूर्ण होऊ द्या. देहदानाचा फॉर्म कितीही नीट भरलेला असला, तरी घरच्यांनी वेळेवर कळवलं आणि देह पोचवला तरच ते घडतं. म्हणजे एक काम बाबांनी तुमच्यावर आधीच सोपवून ठेवलेलं आहे. तिथून "आणि त्याच्या आधीचे दिवस?" हे विचारायला फार लांब जावं लागत नाही. नाहीतर विनोबांचं विचारा. १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, औषध सोडलं आणि १५ तारखेला ते गेले, तेव्हा बाबा पस्तिशीचे असतील. ती वाट निराळी, आपल्या या कागदाशी तिचा काही संबंध नाही. पण तेव्हा बँकेत, घरात काय चर्चा झाल्या, बाबा कुणाच्या बाजूचे होते, हे ऐकलंत तर पुष्कळ कळेल. त्या पिढीतली माणसं स्वतःबद्दल बोलायची असली की आधी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतात.

ते एफडींवर घसरतील, कुठली पावती कुठल्या फाइलीत ते सांगायला लागतील. अडवू नका, ती त्यांची सुरुवात आहे. नॉमिनी न लावलेल्या खात्याचं माणूस गेल्यावर काय होतं, वारस कसे खेटे घालतात, हे त्यांनी काउंटरपलीकडून बघितलंय. तोच धागा धरा. ते "बघू" म्हणाले तर त्या दिवशी सोडून द्या. पुढच्या भेटीत तुमचा आणि नवऱ्याचा लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "जरा तपासून द्या." तपासायला दिलेला कागद न तपासता परत करणारा बँकवाला मी अजून पाहिलेला नाही. तुमच्या वाक्यांवर खुणा करता करता त्यांना स्वतःची वाक्यं सुचतील. आणि ती "सगळं करा, शेवटपर्यंत करा" अशी निघाली, तर तीच लिहून घ्या. त्यांना तुमच्या डॉक्टरांच्या मताला आणण्याचा घाट घालू नका.

राहिला दादा. त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका, फोन करा, आणि त्याच्या मनातलं इच्छामरण आधी बाजूला काढून ठेवा. इंजेक्शन देऊन मरण आणणं हा भारतात आजही गुन्हा आहे, आणि तुम्ही त्याबद्दल बोलतच नव्हतात. आपल्याकडे हा विषय ज्यांच्यामुळे देशभर पोचला त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग. १९७३मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्यानंतर त्या जवळजवळ ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं अन्न थांबवावं अशी मागणी करणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११मध्ये फेटाळला. इतकी वर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचं म्हणणं त्यात मोलाचं ठरलं. पण त्याच निकालात, कडक अटींवर, निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवायला तत्त्वतः वाट ठेवली गेली. शानबाग २०१५मध्ये न्यूमोनियाने गेल्या. पुढे ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणं हे कलम २१मधल्या जगण्याच्या हक्कातच धरलं आणि धडधाकट असताना आपली इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली. दादाचं "बाबा धडधाकट आहेत" हे वाक्य म्हणूनच तुमच्या बाजूचं आहे. हा कागद धडधाकट माणसानेच करायचा असतो.

त्याला आणखी एक सांगा. हा कागद केव्हा बाहेर काढायचा? आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि माणूस स्वतः सांगू शकत नाही, अशा वेळीच. बाबा बोलू शकत असतील तर डॉक्टर त्यांनाच विचारतील, कागद कपाटात. आणि तेव्हाही तुम्ही एकटीने ठरवून काही बंद होत नाही. रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग त्यात नसलेल्या डॉक्टरांचं दुसरं मंडळ बघतं. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असं न्यायालयाने म्हटलंय. दोन्ही मंडळांचं एकमत झालं तर उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि नळ्या-मशीन थांबली म्हणून शुश्रूषा थांबत नाही. दुखणं, धाप, घाबरणं यांवरची औषधं चालूच राहतात. बहिणीने लवकर आटपलं, अशी जी शंका त्याच्या मनात आहे (बोलला नसला तरी आहे), तिला इतकी दारं ओलांडून यावं लागेल. दूर राहणाऱ्या मुलांना 'सगळं करा' म्हणावंसं वाटतं, त्यात आपण तिथे नसल्याची बोच असते. तेवढं ओळखून बोला.

कागदाचं काम तसं फार नाही. २०१८ला घातलेली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकन सही पुरते. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास नोटरींची वाण नाही, पण त्यांना हा मजकूर नवा असू शकतो, म्हणून घरूनच मराठीत टाइप करून न्या. साक्षीदार घरचे नकोत, शेजारचे किंवा आईच्या भिशीतले घ्या. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने निर्णय घ्यायला ज्यांची नावं कागदात घालाल त्यांच्याकडे एक-एक प्रत, एक फॅमिली डॉक्टरांकडे, आणि एक महापालिकेने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतो, हे आईला आवर्जून सांगा. एकदा सही केली की सुटका नाही, असं तिला वाटत असेल.

निर्णय घेणाऱ्यांमध्ये एकापेक्षा जास्त नावं चालतात. दादाचं नाव तुमच्या बरोबरीने घाला आणि हे काम तो दिवाळीत इथे असतानाच उरका. फराळाच्या दिवशी नको, पाहुणे ओसरल्यावर. चौघांनी बसायचं, आणि एक गोष्ट त्याच्याच तोंडून ठरवून घ्यायची. इकडे पहाटेचे तीन वाजलेत, सिस्टर आडनाव पुकारतायत, टोरांटोचा फोन लागत नाहीये, अशा वेळी तुम्ही एकटीने बोललेलं त्याला चालेल का? तो हो म्हणाला तर तसं कागदात घाला. नाही म्हणाला, तर त्याचा फोन उचलला गेला नाही तर दुसरा कुठला नंबर लावायचा, तो घाला.